संगणक जाळ्याची बारनिशी

शासकीय कचेरीत पत्र आले की ते प्रथम बारनिशीत जाते. त्यावर आवक क्रमांक पडतो, दिनांक पडतो, पाठविणाराचे नाव व विषय लिहिला जातो आणि मगच ते संबंधित टेबलाकडे वळते. जावक पत्राचेही तसेच. कर्मचारी कामानिमित्त बाहेर पडला तर हालचाल नोंदवहीत वेळ लिहितो. जीप दौऱ्यावर निघाली तर लॉगबुकात किलोमीटर चढतात. ग्रामपंचायतीत पैसा आला-गेला तर रोकडवहीत त्याची ओळ पडते. ही पद्धत कोणावर अविश्वास दाखविण्यासाठी पडलेली नाही. सहा महिन्यांनी एखादा प्रश्न उपस्थित झाला तर त्याचे उत्तर माणसांच्या आठवणीवर सोडावे लागू नये, एवढाच तिचा हेतू आहे.

त्याच कचेरीच्या भिंतीतून आता एक बारीक तार आत आलेली असते. दाखले, देयके, हजेरी, शिष्यवृत्तीच्या याद्या, घरपट्टीचा भरणा, वरिष्ठ कार्यालयांची परिपत्रके हे सारे त्या तारेतून ये-जा करते. मात्र तेथे आवक क्रमांक नाही आणि जावक क्रमांकही नाही. यंत्रे स्वतःहून काही नोंदी लिहीत असतात. परंतु त्या कोठे साठतात, किती दिवस टिकतात आणि त्या वाचण्याचे काम कोणाकडे सोपविलेले आहे, असे विचारले तर लहान कार्यालयांत बहुधा समाधानकारक उत्तर मिळत नाही. संगणक जाळ्यातील वाहतुकीची नोंद ठेवणे आणि ठेवलेली नोंद नियमाने वाचणे, या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत व्याख्यानात करावयाचा आहे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

नोंद कशाची?

संगणक कोणताही मजकूर अखंड पाठवीत नाही. तो त्याचे लहान लहान तुकडे पाडतो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर पाठविणाऱ्या यंत्राचा पत्ता, घेणाऱ्या यंत्राचा पत्ता, ते कोणत्या सेवेसाठी आहे हे दर्शविणारा क्रमांक आणि त्याची लांबी ही माहिती असते; आत मजकूर असतो. टपालाच्या पाकिटासारखीच ही रचना आहे. तेव्हा नोंद दोन प्रकारे ठेवता येते. पाकीट उघडून आतील मजकुराची संपूर्ण नक्कल करणे, हा एक प्रकार. कोणत्या यंत्राने कोणत्या यंत्राशी, किती वाजता, किती वेळ आणि किती मजकुराची देवघेव केली एवढेच टिपणे, हा दुसरा. कचेरीतील बारनिशी ही या दुसऱ्या प्रकारात मोडते.

पहिला प्रकार किती खर्चाचा आहे हे साध्या गणिताने कळते. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणारी तार दिवसभर पूर्ण भरून वाहिली तर चोवीस तासांत सुमारे १.०८ टेराबाइट मजकूर जातो. सहा महिन्यांची नक्कल ठेवावयाची तर ती १९० टेराबाइटांच्या पुढे जाईल. दुसऱ्या प्रकारची नोंद त्या मानाने फारच लहान असते आणि एका साध्या डिस्कवर मावते. शिवाय आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर सांकेतिक रूपात प्रवास करीत असल्याने त्याची नक्कल करूनही ती वाचता येत नाही. पत्ते, वेळ आणि आकारमान मात्र दिसत राहतात. लेखा शाखेतील संगणकाने रात्री दोन वाजता परदेशातील एखाद्या अनोळखी यंत्राला चार गिगाबाइट मजकूर पाठविला, एवढी एक ओळ पुरे. पाकिटात काय होते हे न कळताही लेखाधिकाऱ्याची झोप उडावी.

पंचाहत्तर सेंटची तफावत

या विषयातील सर्वांत बोधप्रद हकिकत १९८६ सालची आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा ही संशोधनसंस्था आहे. तेथे त्या काळी संगणक वापरणारांकडून वापराच्या वेळेप्रमाणे आकारणी होत असे. ऑगस्ट १९८६ मध्ये त्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. कोणीतरी संगणक नऊ सेकंद वापरला होता आणि त्याचे पैसे भरले नव्हते. मूळचे खगोलशास्त्रज्ञ असलेले आणि नुकतेच संगणक विभागात आलेले क्लिफर्ड स्टॉल यांच्याकडे ही तफावत शोधण्याचे काम आले. एक नवे खाते उघडलेले आहे आणि त्याला देयक पाठविण्याचा पत्ताच नाही, असे त्यांना आढळले. लेखापरीक्षणाचा अनुभव असलेल्यांना हे नवे नाही. मोठी तफावत सर्वांच्या डोळ्यांवर येते, लहान तफावत मात्र किरकोळ म्हणून निकालात काढली जाते.

स्टॉल यांनी ती निकालात काढली नाही. एका शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या टेबलांवरील प्रिंटर आणि टर्मिनले गोळा करून त्यांनी ती प्रयोगशाळेत येणाऱ्या पन्नास दूरध्वनी-वाहिन्यांना जोडली. बाहेरून जो कोणी आत येईल त्याने दाबलेली प्रत्येक कळ कागदावर उमटावी, अशी ती व्यवस्था होती. घुसखोर आला. संगणकप्रणालीतील एका उणिवेचा फायदा घेऊन तो त्या यंत्राचा सर्वाधिकारी बनला होता, हे कागदावरून स्पष्ट झाले.

येथे या हकिकतीचे खरे मर्म आहे. सर्वाधिकारी झालेला घुसखोर त्या यंत्रावरील कोणतीही नोंद पुसू शकत होता. परंतु प्रिंटर त्या यंत्राचे अंकित नव्हते; ते बाहेरच्या तारेवर बसले होते आणि घुसखोराला त्यांचे अस्तित्वच ठाऊक नव्हते. टपालही तो वाचू शकेल म्हणून प्रयोगशाळेतील मंडळी या विषयावर संगणकीय टपालातून लिहिण्याचे टाळीत. त्याला लगेच हाकलून दार बंद करता आले असते. तसे न करता त्याच्यावर लक्ष ठेवून त्याचा माग काढावा, असे ठरले. केवळ ७५ सेंटच्या प्रकरणात केंद्रीय तपासयंत्रणेला आरंभी स्वारस्य नव्हते. म्हणून पहिले कितीतरी महिने हा पाठलाग एका लहानशा गटाने चिकाटीने चालविला.

माग टिमनेट या दळणवळण कंपनीच्या जाळ्यातून व्हर्जिनिया राज्यातील एका संरक्षण-कंत्राटदार कंपनीपर्यंत गेला. तिच्या जाळ्याचा उपयोग घुसखोर केवळ वाटेतील मुक्काम म्हणून करीत होता. त्या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या दूरध्वनींची देयके तपासली तेव्हा त्याचे आणखी उद्योग उघडकीस आले. नोंद होती, देयकांच्या रूपाने कागदावर होती. ती या दृष्टीने कोणी वाचली नव्हती, इतकेच. तेथून वाट अटलांटिक ओलांडून तत्कालीन पश्चिम जर्मनीतील ब्रेमेन विद्यापीठाच्या संगणकाकडे आणि शेवटी हॅनोव्हर शहराकडे गेली. माग पुरा होईपर्यंत घुसखोराला तारेवर खिळवून ठेवणे आवश्यक होते. त्यासाठी संरक्षणविषयक वाटतील अशा बनावट कागदपत्रांची एक मोठी फाइल रचून त्याच्या वाटेवर ठेवण्यात आली, आणि तो ती वाचीत बसला.

त्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली होती आणि तीसहून अधिक संगणकांत त्याला प्रवेश मिळाला होता. मिळविलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर यंत्रणेला विकली जात होती, हे पुढे निष्पन्न झाले. १९९० मध्ये जर्मनीत चाललेल्या खटल्यात मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार दोषी ठरले. शिक्षा स्थगित स्वरूपाची झाली. स्टॉल यांनी त्या खटल्यात साक्ष दिली. त्यांच्या साक्षीमागे कागदांचे भारे आणि दैनंदिन टिपणांची वही उभी होती.

त्याच प्रयोगशाळेतून पुढे वाहतूक पाहण्याची दोन साधने निघाली. तारेवरील पॅकेटे टिपणारे टीसीपीडम्प १९८८ च्या सुमारास तयार झाले. १९९५ मध्ये व्हर्न पॅक्सन यांनी ब्रो नावाची प्रणाली लिहिण्यास आरंभ केला. २०१८ पासून ती झीक या नावाने ओळखली जाते. ती तारेवर बसून प्रत्येक संभाषणाची एक ओळ लिहिते आणि विनामूल्य मिळते. साधनांवाचून काम अडते अशी तक्रार या क्षेत्रात फारशी टिकत नाही. अडचण आहे ती वाचणाराची.

चोर प्रथम वही फाडतो

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवर, बांगलादेश बँकेवर, जो दरोडा पडला त्यात हेच सूत्र उलट बाजूने दिसते. त्या बँकेचे पैसे न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेत ठेवलेले होते. घुसखोरांनी आंतरराष्ट्रीय बँकव्यवहारांच्या स्विफ्ट या संदेशजाळ्यातून, बँकेच्याच नावाने, सुमारे ९५ कोटी डॉलर इतरत्र वळविण्याचे ३५ आदेश पाठविले. ढाक्याच्या कार्यालयात अशा प्रत्येक व्यवहाराची प्रत छापणारा एक प्रिंटर होता. तो बंद पडलेला आढळला. यंत्र बिघडले असेल असा समज झाला, आणि दिवस साप्ताहिक सुटीचा होता. प्रत्यक्षात घुसखोरांनी नोंदी पुसण्याची आणि छपाई रोखण्याची तजवीज आधीच करून ठेवली होती. बहुतेक आदेश न्यूयॉर्कला अडले. २ कोटी डॉलरचा श्रीलंकेकडे निघालेला एक भरणा नावातील शुद्धलेखनाच्या चुकीमुळे रोखला गेला. परंतु ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचले. बर्कलीला प्रिंटर चोराच्या हाताबाहेर होता, ढाक्याला तो त्याच्या हातात होता. म्हणून नोंदीची एक प्रत नेहमी वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात आणि शक्य तर वेगळ्या इमारतीत असावी लागते. नोंद अचानक थांबणे ही स्वतःच एक महत्त्वाची नोंद आहे, हेही या प्रकरणाने दाखविले.

पहारेकरी नेमलेला आहे आणि तो जागेवर उभाही आहे, परंतु त्याला दिसत नाही, अशीही स्थिती असू शकते. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी नागरिकांच्या पतविषयक नोंदी ठेवते. मे २०१७ मध्ये घुसखोर तिच्या यंत्रणेत शिरले आणि ७६ दिवस आत वावरले. वाहतूक तपासणारे उपकरण कंपनीकडे होते. सांकेतिक मजकूर उलगडण्यासाठी त्याला लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती, त्यामुळे ते सारी वाहतूक न पाहताच सोडीत होते. जुलैअखेर प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद वाहतूक लगोलग नजरेस आली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. तडजोडीपोटी कंपनीला किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. एका प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची तारीख कोणाच्याही टेबलावरील दैनंदिनीत नव्हती, याची ही किंमत होय.

महाराष्ट्रालाही असा अनुभव आलेला आहे. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. ११ ऑगस्टच्या शनिवारी २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी काही तासांत हजारो वेळा पैसे काढण्यात आले आणि १३ ऑगस्टला स्विफ्टमार्गे हाँगकाँगकडे सुमारे १४ कोटी रुपये वळविण्यात आले. पैसे देण्याची परवानगी मागणारे संदेश बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचतच नव्हते. मध्ये बसविलेली एक तोतया यंत्रणा त्यांना परस्पर होकार देत होती. येणारे संदेश किती आणि मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचणारे किती, या दोन संख्यांचा मेळ जो घालील त्याला अशी फसवणूक त्याच दिवशी दिसावी. रोकडवही आणि तिजोरीतील शिल्लक यांचा रोजचा मेळ घालण्याचाच हा प्रकार आहे. या प्रकरणात २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

तार अरुंद आहे काय?

केवळ चोर पकडण्यासाठी नोंद ठेवावयाची, असा समज करून घेण्याचे कारण नाही. बहुसंख्य कार्यालयांत चोर वर्षानुवर्षे येणारही नाही. ‘नेट फार हळू चालते’ ही तक्रार मात्र रोज येते. तिच्यावरचा ठराविक उपाय म्हणजे अधिक क्षमतेच्या जोडणीची मागणी करणे.

हा उपाय बरोबर की चूक, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. दूरध्वनीच्या काळात वाहिन्या किती असाव्यात याचे गणित कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून मांडले होते आणि ते जगभर उपयोगी पडले. संगणकांची वाहतूकही तशीच असणार, असे पुष्कळ काळ गृहीत धरले गेले. अमेरिकेतील बेलकोर या संस्थेतील संशोधकांनी १९८९ ते १९९२ या काळात आपल्या कार्यालयीन जाळ्यातील कोट्यवधी पॅकेटे अचूक वेळेसह टिपून ठेवली. त्या नोंदींवरून असे दिसले की संगणकांची वाहतूक दूरध्वनीसारखी सरासरीभोवती स्थिरावत नाही. ती लोंढ्यांनी येते. सेकंदाच्या पटावर पाहावी तरी लोंढे दिसतात, आणि तासाच्या पटावर पाहावी तरी लोंढेच दिसतात. जाळ्यांची आखणी करणाऱ्या तज्ज्ञांचे गृहीतक या एका नोंदसंग्रहाने बदलून टाकले.

गावपातळीवर या शोधाचा अर्थ साधा आहे. दिवसाची सरासरी पाहून काही कळत नाही, गर्दीचा तास पाहावा लागतो. समजा, एखाद्या शाळेत सकाळी अकराच्या सुमारास हजेरी भरताना पडदा गोठतो. पंधरा दिवसांच्या नोंदीवरून कदाचित असे दिसेल की त्याच वेळी संगणककक्षातील सर्व यंत्रे एकदम आपली नवी आवृत्ती उतरवून घेऊ लागतात. मग ते काम रात्रीवर टाकले की प्रश्न सुटतो आणि पैसाही खर्च होत नाही. कदाचित असेही दिसेल की दूषित झालेले एकच यंत्र दिवसभर बाहेर संदेश फेकते आहे. किंवा तार खरोखरच अपुरी आहे, असेही निघेल. आणि तसे निघाले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या मागणीपत्रासोबत तासवार तक्ता जोडता येईल. सेवा पुरविणाऱ्या कंपनीने कबूल केलेला वेग प्रत्यक्षात दिला की नाही, तार किती दिवस बंद होती, हेही त्याच तक्त्यात असते. देयक मंजूर करणाऱ्याला त्याचा उपयोग वेगळा सांगावयास नको.

निर्दोषाचा साक्षीदार

नोंदीचा जो लाभ सर्वांत कमी बोलला जातो तो कनिष्ठ कर्मचाऱ्याशी संबंधित आहे. संगणकातील माहिती बदलली गेली, एखादा दाखला खोटा निघाला, एखाद्या लाभार्थ्याचे नाव यादीतून गेले की पहिले बोट संगणकचालकाकडे जाते. त्याचा पासवर्ड वापरला गेला, तेव्हा तोच दोषी, असे सरळ गणित मांडले जाते. पासवर्ड अनेकांना ठाऊक होता, तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेला होता, ही गोष्ट चौकशी-अहवालात येतेच असे नाही. त्या वेळी तो बदल कार्यालयातील यंत्रावरून झाला की बाहेरच्या पत्त्यावरून आला, हे वाहतुकीची नोंद सांगू शकते. नोंद नसेल तर त्या माणसाजवळ आपल्या शब्दाखेरीज काही उरत नाही.

अर्थात नोंदीचे सामर्थ्य आहे तेवढेच समजावे. यंत्र कोणते ते ती सांगते. त्या यंत्रासमोर कोण बसले होते हे ती सांगत नाही. एकाच वाय-फायवर अख्खे कार्यालय आणि बाहेर ओट्यावर बसलेली मुलेही असतील, तर बाहेरच्या जगाला ती सारी एकाच पत्त्याची दिसतात. आतील पत्त्यांचे वाटप राउटरने टिपून ठेवले असेल तरच वेगळेपण कळते. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे असणे ही नोंदीची पूर्वअट आहे. सामायिक खात्यावरची नोंद म्हणजे सर्वांनी मिळून एकच सही करावयाचा हजेरीपट.

पाहण्याची मर्यादा

येथे एक रास्त आक्षेप निघतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. वाहतूक पाहणारा माणूस इतरांचे जीवनही पाहतो. कोणती शिक्षिका कोणत्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावर वारंवार जाते, कोण नव्या नोकरीच्या शोधात आहे, हे नुसत्या पत्त्यांवरूनही कळू शकते. पाकीट न उघडताही पुष्कळ काही कळते, हा जो नोंदीचा गुण वर सांगितला तोच येथे दोष ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आहे. कार्यालयाची तार ही शासकीय आहे म्हणून तिच्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचे सर्व काही कार्यालयप्रमुखाचे झाले, असा अर्थ काढता येणार नाही.

यावर उपाय दप्तराच्या जुन्या शिस्तीतच आहेत. नोंद ठेवली जाते हे सर्वांना लेखी कळविलेले असावे. चोरून ठेवलेली नोंद ही पाळत होते. ती कोण पाहू शकतो हे नावानिशी ठरलेले असावे, आणि त्याने ती केव्हा व कशासाठी पाहिली याचीही एक नोंद व्हावी. मजकुराची नक्कल करू नये, पत्त्यांवर भागवावे. आणि मुदत संपताच नोंद नष्ट करावी. अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून ज्याची मुदत संपली ते नाशन करण्याची रीत कचेऱ्यांना माहीत आहे. तिच्यात या नव्या अभिलेखाला जागा द्यावयाची आहे. नको असलेली माहिती जपून ठेवणे म्हणजे पुढच्या चोरासाठी गाठोडे बांधून ठेवणे होय.

घड्याळ आणि मुदत

किती दिवस ठेवावे, याबाबत आता स्वतःच्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-ब खाली ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले ते कंपन्यांप्रमाणेच शासकीय संस्थांनाही लागू आहेत. त्यांनुसार संगणकयंत्रणेच्या नोंदी सलग १८० दिवस जतन कराव्या लागतात. निर्देशांत नमूद केलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. आणि सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या वेळेशी, लावावी लागतात.

हा तिसरा निर्देश क्षुल्लक वाटतो, पण सर्वांत आधी पाळावा तो हाच. फायरवॉल सात मिनिटे पुढे, राउटर तीन मिनिटे मागे आणि संगणक भलत्याच वर्षी, अशी स्थिती असली तर तिन्हींच्या नोंदी शेजारी ठेवून घटनेचा क्रम लावता येत नाही. वेळेचे महत्त्व जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीविषयीच्या वादातही दिसले होते. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा तेथे प्रश्न होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुराव्यात आले होते. त्या प्रकरणात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्णयात, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की मूळ उपकरण न्यायालयात हजर केलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे. त्यात नोंदीचा ‘हॅश’ द्यावा लागतो. हॅश म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेला अंगठ्याचा ठसा. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. घटना घडल्यावर घाईने यंत्र बंद करणे, ते दुरुस्तीस पाठविणे किंवा त्यावरचे सर्व पुसून नव्याने सुरू करणे, हे सद्हेतूने केले तरी त्यामुळे ठसा घेण्याजोगे काही उरत नाही.

प्रश्न राहतो तो वाचण्याचा. लहान कार्यालयात यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ मिळणार नाही, आणि तो मिळेपर्यंत थांबावे असेही नाही. जिल्हा किंवा तालुका पातळीवर नोंदी एकत्र येतील आणि तेथे जाणकार माणूस त्या पाहील, ही व्यवस्था चांगली. तोपर्यंत एका नेमलेल्या कर्मचाऱ्याने आठवड्यातून अर्धा तास दिला तरी पुष्कळ साधते. यादीत नसलेले यंत्र जाळ्यात दिसते काय, कार्यालय बंद असताना बाहेर काही गेले काय, चुकीचे पासवर्ड कोठून वारंवार येत आहेत, आणि नोंदीत एखादी रिकामी जागा आहे काय, एवढे त्याने पाहावे. आरंभीचे तीन-चार आठवडे त्याला काही समजणार नाही, कारण नेहमीचे काय आहे हेच ठाऊक नसते. नेहमीचे ओळखीचे झाले की वेगळे आपोआप खटकू लागते. पाटबंधाऱ्याच्या चौकीदाराला पाण्याच्या आवाजावरून दरवाजा किती उघडा आहे हे कळते, त्यातलाच हा प्रकार आहे.

अनेक ठिकाणी जाळे बसविण्याचे आणि सांभाळण्याचे काम कंत्राटदाराकडे असते आणि नोंदीही त्याच्याच यंत्रावर साठतात. कंत्राट संपले, माणूस बदलला, की त्यांच्याबरोबर मागच्या सहा महिन्यांचे दप्तरही निघून जाते. नोंदी कोणाच्या मालकीच्या, त्या कोणत्या यंत्रावर राहणार आणि कंत्राट संपताना त्या कोणत्या रूपात परत मिळणार, हे करारनाम्यातच लिहिलेले असावे. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीतही कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्के यांच्याखाली, राउटरच्या पासवर्डाचा लखोटा आणि नोंदींची डिस्क यांसाठी दोन ओळी वाढवाव्या लागतील.